घराच्या मळक्या दर्शनी भागाबद्दल एचओएची नोटीस आल्यास काय करावे

नोटीस बहुधा एकाच पानाची असते. वर घराचा पत्ता, मधे ‘घराच्या उत्तरेकडील साइडिंगवर हिरवट थर दिसून आला, तो काढावा’ अशा आशयाच्या दोन ओळी (साइडिंग म्हणजे भिंतीवर बाहेरून बसवलेल्या पट्ट्यांचे आवरण), खाली एक तारीख आणि सोबत रस्त्यावरून, बहुतेक वेळा गाडीत बसूनच काढलेले एखादे छायाचित्र. अमेरिकेत होमओनर्स असोसिएशनच्या, म्हणजे एचओएच्या वसाहतीत घर घेतलेल्या पुष्कळ मराठी कुटुंबांना हा कागद कधी ना कधी मिळतो. काही जण रागावून तो खणात टाकतात; काही जण त्याच शनिवारी प्रेशर वॉशर भाड्याने आणून भिंतीवर पाण्याचा मारा सुरू करतात. पहिल्या वाटेने दंड वाढत जातो, दुसऱ्या वाटेने साइडिंगच्या आत पाणी शिरते. या लेखात सुचवलेला क्रम वेगळा आहे: आधी कागद वाचावा, मग पत्र पाठवावे, मग डाग कशाचा आहे ते ओळखावे, आणि पाण्याचा नळ त्यानंतरच उघडावा.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थेची सवय असलेल्या माणसाची इथे एक गफलत होते. तिथे इमारतीच्या बाहेरच्या भिंतीचे काम संस्था करते आणि कमिटीशी पटले नाही तर उपनिबंधकांकडे तक्रार नेता येते. एचओएच्या स्वतंत्र घरात मात्र भिंत, छप्पर आणि ड्राइव्हवे सारे मालकाचे असते, पण ते कसे राखावे याची बंधने असोसिएशनच्या दस्तऐवजात लिहिलेली असतात आणि घर विकत घेताच ती आपोआप लागू होतात. बहुतेक राज्यांत उपनिबंधकासारखे दाद मागण्याचे कार्यालय नाही, त्यामुळे वाद मिटलाच नाही तर तो शेवटी न्यायालयात जातो, आणि तिथे कोणी काय लिहिले व केव्हा लिहिले एवढेच उपयोगी पडते. असोसिएशनचे रोजचे काम पाहणाऱ्या व्यवस्थापन कंपनीच्या माणसाशी फोनवर झालेल्या गोड बोलण्याला तिथे फारशी किंमत नसते.

कागद वाचताना

सर्वप्रथम ही नोटीस केवळ सौजन्याची आठवण आहे की दंडापूर्वीची औपचारिक नोटीस, हे पाहावे. सौजन्याच्या पत्रात दंडाचा किंवा सुनावणीचा उल्लेख सहसा नसतो. औपचारिक नोटिशीत कोणत्या कलमाचा भंग झाला, तो किती दिवसांत दूर करावा, न केल्यास काय होईल आणि सुनावणी कशी मागता येईल हे दिलेले असते. यांपैकी जे दिलेले नसेल त्याची नोंद करून ठेवावी, कारण पहिल्या पत्रात तेच विचारायचे आहे. नोटिशीवरील तारीख, लिफाफ्यावरील टपालाचा शिक्का आणि प्रत्यक्ष हाती पडल्याचा दिवस या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून लिफाफा फेकू नये.

छायाचित्र मोठे करून पाहावे. आमच्याकडे आलेल्या एका नोटिशीतील छायाचित्र शेजारच्या घराचे निघाले होते. दोन्ही घरांचा रंग, गॅरेज आणि दारापुढचे झाड इतके सारखे होते की ते लक्षात यायला आम्हालाही दोन दिवस लागले.

त्यानंतर डिक्लरेशन नावाचा मूळ दस्तऐवज काढावा. तो घर खरेदीच्या कागदांत असतो, असोसिएशनच्या पोर्टलवर मिळतो आणि काउंटीच्या नोंदणी कार्यालयातही नोंदवलेला असतो. त्यातील देखभालीचे प्रकरण शोधून नोटिशीत सांगितलेले कलम खरोखर तिथे आहे का ते पडताळावे. घर टाउनहाउस, म्हणजे शेजारच्या घराला भिंत लागून असलेले, असेल तर हे वाचन सर्वांत महत्त्वाचे ठरते, कारण न्यू जर्सीतील अनेक टाउनहाउस वसाहतींप्रमाणे जिथे साइडिंग आणि छप्पर यांची देखभाल असोसिएशनकडे असते, तिथे ज्या भिंतीबद्दल नोटीस आली ती धुण्याचे काम नोटीस पाठवणाऱ्याचेच असू शकते. अशा वेळी भिंतीला हात न लावता त्या कलमाचा क्रमांक देऊन उत्तर पाठवावे.

एक नव्हे, दोन मुदती

नोटीस मिळालेल्या माणसाचे लक्ष घर कधीपर्यंत स्वच्छ करायचे या तारखेवर खिळते. पण औपचारिक नोटिशीत बहुधा दुसरी मुदतही चालू झालेली असते, ती म्हणजे सुनावणी मागण्याची किंवा सुनावणीला हजर राहण्याची. पहिली मुदत चुकली तर ती विनंतीने वाढवून मिळू शकते. दुसरी चुकली की बाजू मांडण्याचा हक्कच हातचा जातो. माझ्या मते या विषयातील बहुतेक नुकसान या दुसऱ्या मुदतीकडे दुर्लक्ष झाल्याने होते.

नियम राज्यागणिक वेगळे आहेत. टेक्सासमध्ये मालमत्ता संहितेच्या 209 व्या प्रकरणानुसार दंड लावण्यापूर्वी लेखी नोटीस पाठवावी लागते, दोष दूर करण्यासाठी वाजवी मुदत द्यावी लागते आणि मालकाला 30 व्या दिवसापर्यंत सुनावणी मागता येते; हे 30 दिवस नोटीस टपालात पडल्यापासून मोजले जातात, ती हाती पडल्यापासून नव्हे. फ्लोरिडात दंडाबाबत किमान 14 दिवसांची सूचना देऊन सुनावणीची संधी द्यावी लागते, आणि ती सुनावणी संचालक मंडळाशी किंवा त्यांच्या जवळच्या नातेवाइकांशी संबंध नसलेल्या किमान 3 सदस्यांच्या समितीपुढे होते. तिथे दंड प्रत्येक भंगामागे 100 डॉलरपर्यंत असतो, चालू राहणाऱ्या भंगासाठी तो रोज लागू शकतो आणि दस्तऐवजात वेगळी तरतूद नसेल तर एकूण 1000 डॉलरवर थांबतो. उत्तर कॅरोलिनातही सुनावणीशिवाय दंड लावता येत नाही. सुनावणीनंतर 100 डॉलरपर्यंतचा दंड होऊ शकतो आणि निर्णयाला 5 दिवस उलटल्यावरही भंग तसाच राहिला तर तो दररोज वाढत जातो. कॅलिफोर्नियात मंडळाच्या सुनावणीची सूचना किमान 10 दिवस आधी द्यावी लागते, आणि 2025 च्या जुलैपासून आरोग्य वा सुरक्षेचा प्रश्न नसलेल्या भंगाला 100 डॉलरची मर्यादा आली आहे. यांतील सर्वांत उपयोगी तरतूद फ्लोरिडा आणि कॅलिफोर्निया या दोन्ही राज्यांत आहे: सुनावणीपूर्वीच दोष दूर केला असेल तर दंड लावता येत नाही. मळकी भिंत हा एका दिवसात दूर होणारा दोष असल्याने तिथल्या मालकाने वाद घालण्यापेक्षा धुणे शहाणपणाचे ठरते.

सुट्टीत दीड-दोन महिने पुण्याला किंवा सांगलीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी एक वेगळी सूचना करावीशी वाटते. अमेरिकी टपाल खाते घरची टपाल जास्तीत जास्त 30 दिवस थांबवून ठेवते, आणि सही घेऊन द्यायचे सर्टिफाइड मेल 15 दिवसांत कोणी घेतले नाही तर परत पाठवते. म्हणजे नोटीस परत जाते, पण मुदत चालूच राहते. जाण्यापूर्वी व्यवस्थापन कंपनीकडे ईमेलचा पत्ता नोंदवावा, टपालाची छायाचित्रे रोज ईमेलने पाठवणारी ‘इन्फॉर्म्ड डिलिव्हरी’ ही मोफत सोय सुरू करावी आणि एखाद्या मित्राला आठवड्यातून एकदा पेटी पाहायला सांगावे. घर भाड्याने देऊन भारतात परतलेल्यांनी तर असोसिएशनकडील आपला पत्रव्यवहाराचा पत्ता तपासावाच, कारण भाडेकरूच्या दारात आलेला कागद मालकापर्यंत पोहोचेलच असे नाही.

पहिले पत्र

पत्र नोटीस मिळाल्यापासून 2-3 दिवसांत जावे, भिंत अजून धुतलेली नसली तरी. ते अर्थातच इंग्रजीत लिहायचे आहे, पण त्याचा आशय साधारण असा असावा:

‘अमुक तारखेची, अमुक क्रमांकाची नोटीस मला अमुक दिवशी मिळाली. नोटिशीत उत्तरेकडील साइडिंगचा उल्लेख आहे. मी त्या भागाची पाहणी केली असून अमुक तारखेपर्यंत तो स्वच्छ करून घेण्याचे ठरवले आहे. नोटिशीतील कलमाची प्रत आणि मूळ छायाचित्र कृपया पाठवावे. काम वेळेत पूर्ण न झाल्यास माझा हक्क अबाधित राहावा म्हणून या पत्राद्वारे मी सुनावणीची मागणीही करीत आहे. काम पूर्ण होऊन प्रकरण बंद झाल्याचे आपण लेखी कळवल्यास ती मागणी मागे घेईन.’

या मजकुरात ‘चुकलो’ असे कुठेही म्हटलेले नाही आणि ‘तुमचीच चूक’ असेही नाही, आणि तो तसाच ठेवावा. शेजाऱ्याची भिंत याहून काळी आहे, मागच्या वर्षी कोणी बोलले नाही, असोसिएशनचे स्वतःचे कुंपणच शेवाळलेले आहे, हे सारे खरे असले तरी पहिल्या पत्रात आणू नये. ते प्रकरण वाढल्यास लागेल, आणि आधीच उधळले तर त्याचा जोर जातो.

मुदतवाढ हवी असेल तर कारण ठोस द्यावे. जानेवारीत न्यू जर्सीत तापमान गोठणबिंदूखाली असताना भिंत धुणे अशक्य असते, पाणी पायऱ्यांवर गोठून कोणी घसरण्याचा धोका असतो. हे कारण कोणालाही पटते. ठेकेदाराची मिळालेली तारीख लेखी असेल तर ती जोडावी. घरातील व्यक्तीच्या अपंगत्वामुळे काम लवकर होणे शक्य नसेल, तर फेडरल फेअर हाउसिंग कायद्याखाली वाजवी सवलत मागता येते आणि तिचा उल्लेख पत्रात स्पष्ट करावा. पत्र ईमेलने तर पाठवावेच, पण औपचारिक नोटिशीला पोचपावतीसह सर्टिफाइड मेलनेही उत्तर द्यावे.

डाग कशाचा आहे

पत्र गेले की भिंतीकडे वळावे. इथे घाई करणारे फसतात, कारण ‘मळ’ या एका शब्दाखाली सात-आठ वेगळ्या गोष्टी येतात आणि एकीचे औषध दुसरीला चालत नाही.

उत्तरेकडील भिंतीवरचा हिरवट थर शेवाळाचा असतो. या गोलार्धात त्या बाजूला ऊन कमी पडते, दव उशिरा वाळते आणि व्हायनिलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या साइडिंगच्या, खाचांत ओल टिकते. थर हलका असेल तर व्हायनिल साइडिंग इन्स्टिट्यूट 30 टक्के पांढरे व्हिनेगर आणि 70 टक्के पाणी यांचे मिश्रण सुचवते, आणि पुष्कळ घरांना एवढे पुरते.

छपराच्या शिंगल्सवर, म्हणजे कौलांप्रमाणे बसवलेल्या डांबरी तुकड्यांवर, वरून खाली उतरलेले काळे ओघळ धुळीचे नसतात. ते ग्लिओकॅप्सा मॅग्मा नावाच्या सायनोबॅक्टेरियाचे असतात, जो शिंगल्समधील चुनखडीच्या भुकटीवर वाढतो. त्यावर प्रेशर वॉशर कदापि चालवू नये, कारण शिंगल्सवरचे खडे निघून जातात आणि छपराचे आयुष्य कमी होते. अ‍ॅस्फाल्ट रूफिंग मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनने सांगितलेली पद्धत साधी आहे: कपडे धुण्याचे द्रवरूप क्लोरीन ब्लीच आणि पाणी समप्रमाणात घेऊन फवारावे, 15 ते 20 मिनिटे राहू द्यावे आणि कमी दाबाच्या पाण्याने धुवावे. छपरावर चढण्याचे काम मात्र विमा असलेल्या माणसाकडून करून घ्यावे.

भिंतीच्या खालच्या भागात डांबराच्या टाचणीएवढ्या ठिपक्यांसारखे असंख्य काळे डाग दिसले तर ते ‘आर्टिलरी फंगस’चे, म्हणजे स्फेरोबोलस या बुरशीचे समजावेत. ही बुरशी घराभोवती पसरलेल्या लाकडी मल्चमध्ये, म्हणजे झाडांच्या बुंध्याशी घातलेल्या लाकडाच्या तुकड्यांच्या थरात, वाढते आणि आपले बीजाणू प्रकाशाच्या दिशेने, म्हणजे पांढऱ्या भिंतीकडे, तोफगोळ्यासारखे फेकते. हे ठिपके धुण्याने जात नाहीत. नखाने खरवडला तरी मागे तपकिरी खूण उरते. म्हणून असा डाग असेल तर ‘पूर्ण स्वच्छ करतो’ असे पत्रात लिहिण्याचे टाळावे. ताजे ठिपके लवकर काढावेत, भिंतीलगतचे मल्च काढून तिथे खडी घालावी आणि हे उपाय पत्रात नमूद करावेत.

पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीतील घरांना आणखी एक उपद्रव आहे. 2014 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीत प्रथम सापडलेला स्पॉटेड लँटर्नफ्लाय हा कीटक झाडावरून चिकट गोड रस सोडतो आणि त्या रसावर काळी बुरशी धरते. तुडतुड्यांनी पछाडलेल्या आंब्याखाली जे दिसते, तेच इथे डेक आणि भिंतीवर दिसते. साबणाच्या पाण्याने ती निघते, पण वरचे झाड तसेच राहिले तर पुन्हा येते.

विटांवरचा पांढरा थर क्षारांचा असतो. त्याला ब्लीच लावून काही होत नाही, कोरड्या ताठ ब्रशने घासावे आणि पाणी कुठून मुरते ते शोधावे. स्प्रिंकलरच्या पाण्यातील लोहामुळे पडलेले तांबूस पट्टे ऑक्झॅलिक आम्लाच्या क्लीनरने जातात, आणि त्यांवर ब्लीच लावल्यास ते उलट पक्के होऊ शकतात. भिंतीवर तळहात फिरवल्यावर पांढरी पूड लागली तर ते ऑक्सिडेशन, म्हणजे ऊन-हवेने पृष्ठभाग झिजणे, आहे. तिथे जोराचा फवारा मारला की पट्टे उमटतात आणि घर पूर्वीपेक्षा वाईट दिसते. वसंतात दक्षिणेकडील राज्यांत सगळ्यावर पसरणाऱ्या पिवळ्या परागाबद्दल नोटीस आलीच, तर बागेच्या नळीने काम भागते.

आता धोक्याची गोष्ट. वर व्हिनेगर आणि ब्लीच दोन्ही सांगितले आहेत, पण ते एकत्र करू नयेत, एकामागोमाग एकाच ओल्या भिंतीवरही लावू नयेत. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबर आणि ऑक्झॅलिक आम्लासारख्या कोणत्याही आम्लाबरोबरही ब्लीच वापरू नये.

धुण्याच्या दिवशी

सुरुवात करण्यापूर्वी त्या भागाची छायाचित्रे नोटिशीतील छायाचित्राच्याच कोनातून, तारखेसह काढावीत. खिडक्या बंद कराव्यात, बाहेरचे विजेचे सॉकेट झाकावेत, शिडी विजेच्या तारांपासून दूर ठेवावी. झाडांना आधी भरपूर पाणी घालावे आणि नंतरही घालावे, कारण भिजलेली पाने ब्लीच कमी शोषतात. तुळस आणि कढीपत्त्याच्या कुंड्या तर सरळ गॅरेजमध्ये नेऊन ठेवाव्यात. वर्षानुवर्षे थंडीपासून जपलेला कढीपत्ता एका शिंतोड्याने गेल्याचे दुःख नोटिशीपेक्षा मोठे असते.

द्रावण खालून वर लावत जावे, म्हणजे कोरड्या भागावर ओघळांच्या रेषा पडत नाहीत. मऊ ब्रशने घासून, द्रावण भिंतीवर वाळण्याआधी धुऊन काढावे. प्रेशर वॉशर वापरायचाच असेल तर पांढरे, म्हणजे 40 अंशांचे नोझल लावावे, लाल रंगाचे 0 अंशांचे नोझल पेटीतच राहू द्यावे, आणि फवारा नेहमी वरून खाली, पट्ट्यांच्या उताराच्या दिशेने मारावा. खालून वर मारलेले पाणी पट्ट्यांच्या मागे जाऊन आतल्या लाकडात मुरते. घर 1978 पूर्वीचे असून बाहेरून रंगवलेले असेल तर रंगात शिसे असू शकते, म्हणून आधी तपासणी करून घ्यावी आणि तोवर रंगावर पाण्याचा मारा करू नये. रस्त्यावरील पावसाळी पाण्याच्या जाळ्या बहुतेक ठिकाणी थेट ओढ्याला मिळतात. ब्लीचचे पाणी तिकडे न सोडता हिरवळीवर पसरू द्यावे आणि गावाचे नियम पाहावेत.

छपराची पन्हळ, जिला इथे गटर म्हणतात, तिच्या दर्शनी बाजूवरचे उभे काळे पट्टे नोटीस पाठवणाऱ्यांच्या नजरेत आधी भरतात आणि घर धुणाऱ्यांच्या नजरेतून हमखास सुटतात. ते नुसत्या पाण्याने जात नाहीत, गटरसाठीचा क्लीनर लावून हाताने पुसावे लागतात.

काम ठेकेदाराकडे द्यायचे असेल तर दायित्व विम्याचे आणि कामगार भरपाई विम्याचे प्रमाणपत्र मागावे, छप्पर व साइडिंग ‘सॉफ्ट वॉश’ने म्हणजे कमी दाबाने करणार असे लेखी घ्यावे आणि पावतीवर कामाची तारीख व भाग लिहून घ्यावा. केवळ धुण्यासाठी परवानगी सहसा लागत नाही. पण डाग जात नाही म्हणून रंग द्यायचे किंवा साइडिंग बदलायचे ठरवले, तर आधी घराच्या बाह्यरूपातील बदलांना मान्यता देणाऱ्या आर्किटेक्चरल समितीची लेखी मंजुरी घ्यावी. मळाची नोटीस मिटवताना रंगाची नोटीस ओढवून घेतलेली कुटुंबे आहेत.

सुनावणीची वेळ आलीच तर

बहुतेक प्रकरणे इथपर्यंत येत नाहीत. आलीच, तर सोबत नोटीस, आपले पत्र, पोचपावती, आधीची व नंतरची छायाचित्रे आणि पावती एवढा संच क्रमाने न्यावा. टेक्सासमध्ये असोसिएशनने सुनावणीच्या किमान 10 दिवस आधी आपल्या पुराव्यांचा संच मालकाला द्यावा लागतो. तो न दिल्यास मालकाला 15 दिवस सुनावणी पुढे ढकलून मिळते. असोसिएशन निवडक घरांवरच कारवाई करते हा मुद्दा मांडायचा असेल तर तो इथे मांडावा, पण सार्वजनिक रस्त्यावरून काढलेल्या, तारीख असलेल्या छायाचित्रांसह, आणि शेजाऱ्यांची नावे न घेता. तो सिद्ध करणे अवघड असते, म्हणून त्याच्या भरवशावर भिंत न धुता राहू नये.

रागाच्या भरात मासिक किंवा वार्षिक वर्गणी कधीही थांबवू नये. दंड आणि वर्गणी यांचे कायदेशीर वजन वेगळे आहे: टेक्सासमध्ये थकबाकी केवळ दंडाची आणि त्यासंबंधीच्या वकील-खर्चाची असेल तर असोसिएशन त्यासाठी घर जप्तीने विकू शकत नाही, पण थकलेल्या वर्गणीची गोष्ट तशी नाही. दंडाबद्दल वाद चालू असेल तर वर्गणीचा भरणा स्वतंत्र करावा आणि तो कशापोटी आहे हे त्यावर लिहावे.

प्रकरण बंद करून घेणे

भिंत स्वच्छ झाली म्हणजे प्रकरण आपोआप बंद होत नाही. काम झाल्याच्या दिवशीच छायाचित्रे पाठवून ‘पाहणी करून नोटीस बंद केल्याचे लेखी कळवावे’ अशी विनंती करावी आणि 10 दिवसांत उत्तर न आल्यास स्मरणपत्र पाठवावे. टेक्सासमध्ये तशाच भंगाची नोटीस आणि सुधारण्याची संधी मागच्या 6 महिन्यांत मिळालेली असेल, तर दुसऱ्या वेळी ती संधी द्यावीच लागते असे नाही, म्हणून शेवाळ पुन्हा धरू नये यासाठी भिंतीला टेकलेली झुडपे छाटावीत, स्प्रिंकलरचे तोंड भिंतीपासून वळवावे आणि परागाचा मोसम संपल्यावर वर्षातून एकदा उत्तरेची बाजू धुऊन घ्यावी.

बंद झाल्याचे ते पत्र घराच्या खरेदीच्या कागदांसोबत ठेवावे. पुढे घर विकताना असोसिएशनकडून जे रिसेल सर्टिफिकेट घेतले जाते, त्यात टेक्सासच्या कायद्यानुसार मंडळाला ठाऊक असलेले घरावरील भंग लिहावे लागतात. चार वर्षांपूर्वी धुतलेल्या भिंतीची नोंद तिथे चुकून उघडी राहिली असेल, तर ती खोडून घ्यायला हाच कागद लागतो.